अठरा मिनिटांचं गाणं आणि चारशे वर्षांचं गाणं

मागच्या लेखानंतर एका वाचक ताईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा यंदा कॉलेजात गेलाय, खोलीचं दार लावून तासन्‌तास जुनी इंग्रजी गाणी ऐकतो. 'प्रोग्रेसिव्ह रॉक, फोक रॉक ही नावं तुमच्या सदरात सारखी येतात आणि त्याच्याही तोंडी असतात. मला फार खोलात जायचं नाही. एकच रेकॉर्ड सांगा, मी ती पूर्ण ऐकेन.'

ताई, दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी डोळे मिटून एक नाव सांगितलं असतं. आज दुसरंच सांगणार आहे. मधल्या काळात माझं मत का फिरलं, तेच आज लिहितो. यात माझ्या एका जुन्या मित्रापुढे हार मानणंही आलं. ते मी छत्तीस वर्षं टाळलंय.

१९८८ साल. मी इंदूरहून बंगळुरूला इंजिनीअरिंगला गेलेला. हॉस्टेलात माझा रूम पार्टनर होता शिलाँगचा. शिलाँगची पोरं गिटार घेऊनच जन्माला येतात असं आम्ही म्हणायचो. याच्याकडे गिटार होतीच, शिवाय बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या कॅसेटी होत्या. कुणाच्या तरी काकांच्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या, पाठीवर बॉलपेनने नावं लिहिलेल्या. माझ्या कानावर तोवर घरचे अभंग, रेडिओवरची हिंदी गाणी आणि गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, एवढंच पडलेलं. पहिल्या सेमिस्टरमध्ये मी त्या खोक्यांतून प्रोग्रेसिव्ह रॉक उचललं आणि त्यातच रमलो. त्याचा जीव मात्र फोक रॉकवर. रोज रात्री भांडण. तो म्हणायचा, 'तुझे लोक गाणी म्हणत नाहीत रे, परीक्षा देतात.' मी म्हणायचो, 'आणि तुझे लोक आजीबाईंची गाणी लाऊडस्पीकर लावून म्हणतात.'

ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. साठीच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली रचना घेतली, जॅझमधला लयीचा खेळ घेतला आणि गाणी लांबवली. दहा मिनिटं, वीस मिनिटं, रेकॉर्डची अख्खी बाजू. हे प्रोग्रेसिव्ह रॉक, लाडाने 'प्रोग'. त्याच वेळी दुसऱ्या काही पोरांनी शेकडो वर्षांची लोकगीतं काढली आणि ती इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रमवर वाजवली. हे फोक रॉक. गंमत म्हणजे दोन्हींचे मोठे टप्पे एकाच वर्षातले आणि एकाच शहरातले. १९६९च्या ऑक्टोबरात किंग क्रिम्झनची 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' ही रेकॉर्ड आली. लाल-निळ्या रंगात किंचाळणारा चेहरा असलेलं तिचं कव्हर तुमच्या मुलाच्या भिंतीवर असण्याची दाट शक्यता आहे. ती बाजारात येत होती तेव्हा लंडनच्याच चेल्सी भागात, साउंड टेक्निक्स नावाच्या स्टुडिओत, दुसरी एक मंडळी जुनी गाणी रेकॉर्ड करत होती. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी माझ्या बाजूचे पुरावे. कारण प्रोगला हसणं आता फार सोपं झालंय आणि तो अन्याय आहे.

जेथ्रो टलची 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' १९७२ची. अख्ख्या रेकॉर्डवर एकच गाणं, जवळजवळ चव्वेचाळीस मिनिटांचं. आधीच्या 'अ‍ॅक्वालंग'ला समीक्षकांनी 'कन्सेप्ट अल्बम' ठरवून टाकलं, तेव्हा बासरीवाल्या इयन अँडरसनने ठरवलं की तुम्हाला हवाच ना, मग घ्या, असा देतो की बास! एका आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या कवितेला चाल लावली आहे अशी थाप मारली, आणि कव्हर म्हणून गावातल्या स्थानिक वर्तमानपत्राचा बारा पानी अंकच छापला, बातम्या-जाहिरातींसकट. थट्टा म्हणून सुरू झालेली ही गोष्ट इतकी चांगली वठली की थट्टा बाजूलाच राहिली. रेकॉर्डला दोन बाजू, त्यामुळे मूळ गाणं मध्ये तुटतं. उठून तबकडी उलटायची. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, त्यात ते सगळं मावायचं, मिनिटभर शिल्लक ठेवून. मी ते कायम सलग ऐकलं. पुढे खरी रेकॉर्ड पाहिली तेव्हा मध्येच गाणं विरून जातं हे ऐकून मला ती रेकॉर्डच बिघडलेली वाटली.

आणि येसची 'क्लोज टू द एज', तीही १९७२ची. हेच ते नाव, दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं ते. तीनच गाणी. पहिलं साडेअठरा मिनिटांहून मोठं. सुरुवातीला ओढ्याचं पाणी आणि पाखरं. मग एकदम पाची जण पाच दिशांना पळत सुटल्यासारखे तुटून पडतात. मन घट्ट करून तेवढी तीन-चार मिनिटं काढा. त्या गोंधळातून चाल वर येते, मग सगळं थांबतं, नुसते आवाज उरतात, आणि त्यानंतर चर्चमधला मोठा पाइप ऑर्गन उघडतो. तो खराच चर्चमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेला आहे. गायक जॉन अँडरसनच्या डोक्यात त्या वेळी हरमान हेसचं 'सिद्धार्थ' होतं, नदीकाठी बसून शहाणा होणारा माणूस. हे गाणं एका दमात वाजवलेलं नाही. तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करून टेप कापून जोडलेली आहे. त्या कामाने ड्रमर बिल ब्रुफर्ड इतका पिसला गेला की रेकॉर्ड पूर्ण होताच त्याने बँड सोडला. तरी ऐकताना सांधा दिसत नाही. अठरा मिनिटांत एकही मिनिट फुकट गेलेलं नाही, हे मी आजही कुठेही सांगेन.

अडचण त्यानंतर झाली. लांबी हेच मोठेपण असं त्यांना वाटायला लागलं. पुढच्याच वर्षी येसनं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढली. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला एक गाणं, एकूण ऐंशी मिनिटांच्या वर. याचा उगम आपल्याकडचा आहे, म्हणून सांगतो. परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र, मराठीत आपण 'योगी कथामृत' म्हणून वाचतो ते, जॉन अँडरसनच्या हाती आलं. त्यातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशी शास्त्रांची विभागणी आहे. टोकियोच्या हॉटेलात ती तळटीप वाचून त्याने चार बाजू ठरवल्या. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटं! आपल्याकडचे कीर्तनकार एका ओवीवर तीन तास काढतात हे खरं, पण त्यांना समोरची माणसं डुलक्या घ्यायला लागली की कळतं. इथे तर बँडमधलाच माणूस कंटाळला. कीबोर्डवर बसणारा रिक वेकमन स्वतः सांगतो की मँचेस्टरच्या कार्यक्रमात, याच गाण्यांच्या मध्ये, त्याने स्टेजवर चिकन करी खाल्ली. पुढच्या वर्षी त्यानेही बँड सोडला. रेकॉर्ड मात्र इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली होती.

मी ती हॉस्टेलात किमान तीस वेळा ऐकली. आवडते असं सांगत राहिलो. आवडत नव्हती. पार्टनरपुढे कबूल कसं करणार?

आता त्याची बाजू.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा लंडनच्या पोरांचा बँड. सुरुवातीला अमेरिकन गाण्यांच्या वळणाने वाजवायचे. सँडी डेनी ही गायिका त्यांच्यात आली ती फोक क्लबांतून, जुनी लोकगीतं पाठ असलेली. १९६९च्या 'अनहाफब्रिकिंग' या रेकॉर्डवर त्यांनी तिचं एक खलाशाचं गाणं घेतलं, अकरा मिनिटांचं, एकाच टेकमध्ये. ड्रमवर मार्टिन लॅम्बल. तो ताल धरून बसत नाही. समुद्र जसा मागे जातो आणि परत येतो तसं वाजवतो. ऐकताना ध्यानात ठेवा की तो एकोणीस वर्षांचा आहे.

१२ मे १९६९च्या पहाटे बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून ते व्हॅनने लंडनला परतत होते. एम-वन हायवेवर गाडी रस्ता सोडून गेली. मार्टिन लॅम्बल गेला. गिटारवाल्या रिचर्ड थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. बाकीचे जखमी झाले. सँडी त्या गाडीत नव्हती. रिचर्ड वीस वर्षांचा, दुसरा गिटारवाला सायमन निकोल अठराचा.

बँड मोडावा अशीच ती वेळ होती. त्यांनी वाजवायचं ठरवलं, पण जुनी गाणी परत वाजवायची नाहीत, कारण त्यात मार्टिन होता. त्या उन्हाळ्यात ते हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन या खेड्यात एका जुन्या घरात राहायला गेले. डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमर आला. फिडल वाजवणारा डेव्ह स्वॉरब्रिक आला; तो वयाने मोठा, लोकसंगीतात मुरलेला. बासवाला अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसच्या ग्रंथालयात बसून लोकगीतांचे संग्रह चाळू लागला. त्यातून डिसेंबरात रेकॉर्ड आली, 'लीज अँड लीफ'. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले, निष्ठा आणि राजीखुशी सांगणारे.

या रेकॉर्डवर अपघाताबद्दल एक शब्द नाही. हे मला हॉस्टेलात कळत नव्हतं. मित्र मरतो आणि तुम्ही चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या सरदाराच्या बायकोची भानगड गाता? 'मॅटी ग्रोव्ह्ज' म्हणजे तीच गोष्ट. सरदार बाहेरगावी, बायको चर्चमध्ये मॅटी नावाच्या तरुणाला हेरते आणि घरी बोलावते, नोकर चुगली करतो, सरदार परततो. तो मॅटीला झोपेतून उठवतो आणि लढायला दोन तलवारींतली चांगली तलवार देतो. मॅटी मरतो. मग सरदार बायकोला विचारतो, आता सांग, कोण आवडतो? ती उत्तर देते ते त्या मेलेल्या पोराच्या बाजूने. तिलाही मारतो. आणि वर हुकूम सोडतो की दोघांना एकाच खड्ड्यात पुरा, पण बाईला वरच्या बाजूला, कारण ती खानदानी घरची! (घरात सगळे वाचतात त्या अंकात ही गोष्ट सांगावी का, असा विचार मनात आला होता. पण आपल्या लावण्या-पोवाड्यांतही काही सगळे साळसूद नसतात.)

सँडी हे सगळं कसं सांगते, ते ऐका. ती रडत नाही, ओरडत नाही, कुणाची बाजू घेत नाही. खून झाला तिथेही तिचा आवाज तसाच, शेजारणीला घडलेलं सांगावं तसा. गोष्ट संपते आणि फिडल आणि गिटार सुटतात, गाण्याच्या शेवटची काही मिनिटं, आणि जे तिने आवाजात येऊ दिलं नाही ते सगळं तिथे बाहेर येतं.

'टॅम लिन'मध्येही असंच. परीच्या राणीने पळवलेला तरुण; त्याला सोडवायचं तर त्याच्या प्रेयसीने त्याला घट्ट धरून ठेवायचं, तो मिठीत साप होईल, सिंह होईल, तरी सोडायचं नाही. मागे लय अडखळत, लंगडत चालते आणि गिटारचे फटके त्या लंगडीवर पडतात. धरून ठेवायचं, सोडायचं नाही, एवढीच ती गोष्ट. त्या उन्हाळ्यात हे गाणं त्यांना का सापडलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय.

रिचर्डने स्वतः लिहिलेले शब्द फक्त थोड्या ठिकाणी आहेत. 'फेअरवेल, फेअरवेल' हा जुन्या चालीवर बसवलेला छोटासा निरोप. आणि शेवटचं 'क्रेझी मॅन मायकल', चाल स्वॉरब्रिकची. यातला मायकल रागाच्या भरात एक कावळा मारतो आणि पाहतो तर ती त्याची प्रेयसी असते. ऐकणाऱ्यांनी या गाण्याचा संबंध अपघाताशी लावला, यात नवल नाही. पण शब्द स्वतःचे असतानाही त्याने साज जुन्या लोकगीताचाच चढवला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हे मला कळलं ते आठ वर्षांपूर्वी, इंदूरला. वडील गेले. मी थोरला, लोक माझ्याकडे बघत होते आणि मला बोलायला काही सुचत नव्हतं. भेटायला येणाऱ्यांशी बोलताना माझेच शब्द मला खोटे वाटायचे. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी रामबागेतली भजनी मंडळी आली. वडील त्यांच्यात चाळीस वर्षं टाळ वाजवायचे. त्यांनी सतरंजी अंथरली, पेटी ठेवली, आणि दर गुरुवारी म्हणायचे तेच अभंग म्हटले. त्याच क्रमाने. वडिलांचं नाव कुणी घेतलं नाही, भाषण केलं नाही. टाळ मात्र एक जोडी कमी होती आणि ती कुणी भरून काढायचा प्रयत्नही केला नाही. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गुणगुणली. मी दाराशी उभा होतो आणि मला 'मॅटी ग्रोव्ह्ज' आठवलं. अगदी अस्थानी! पण आठवलं खरं. स्वतःचं काही सुचत नाही तेव्हा माणसं आधीपासून तयार असलेलं गाणं घेतात, आणि ते नीट म्हणतात. त्या पोरांनी तेच केलं होतं.

परत बंगळुरूला आल्यावर कित्येक आठवडे मला काही ऐकवत नव्हतं. 'क्लोज टू द एज' लावून पाहिली, पाच मिनिटांत बंद केली. ती तितकीच सुंदर होती. तिला माझी गरज नव्हती, एवढंच. 'लीज अँड लीफ' मात्र शेवटपर्यंत ऐकली आणि संपल्यावर पुन्हा लावली.

फेअरपोर्टची ती जुळणी टिकली नाही. रेकॉर्ड बाजारात येईपर्यंत सँडी आणि हचिंग्ज दोघंही बाहेर पडले होते. हचिंग्जने स्टीलआय स्पॅन काढला, तोही फोक रॉकच. सँडीचा आवाज कदाचित तुम्ही नकळत ऐकलाही असेल. लेड झेपलिनच्या चौथ्या रेकॉर्डवर 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये रॉबर्ट प्लँटच्या बरोबरीने गाणारी तीच. १९७८मध्ये ती गेली, एकतिसाव्या वर्षी. फेअरपोर्ट मात्र माणसं बदलत चालूच राहिला. ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावी दर ऑगस्टात त्यांचा मेळा भरतो आणि शेवट ठरलेल्या गाण्याने होतो. ते रिचर्डने अपघाताच्या आधी लिहिलं होतं. ड्रमवर मार्टिनच होता.

निक ड्रेकबद्दल खरं तर स्वतंत्र लेख लिहायला हवा. फेअरपोर्टचा निर्माता जो बॉइड हाच त्याच्याही पहिल्या दोन रेकॉर्डचा निर्माता, आणि पहिल्या 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'वर रिचर्डची गिटारही आहे. शेवटची 'पिंक मून' अठ्ठावीस मिनिटांची, दोन रात्रींत झालेली. तो, त्याची गिटार आणि एका गाण्यात थोडा पियानो. योगानंदांच्या तळटीपेवरच्या ऐंशी मिनिटांनंतर ही अठ्ठावीस मिनिटं ऐकली की लांबीचा प्रश्नच निकालात निघतो. हयातीत त्याच्या रेकॉर्ड कुणी फारशा घेतल्या नाहीत.

आणि दोन्ही बाजू एकत्र आलेल्या बघायच्या असतील तर पुन्हा जेथ्रो टलकडेच यावं लागतं. तोच थट्टेखोर इयन अँडरसन १९७७मध्ये 'साँग्ज फ्रॉम द वुड' आणि पुढच्या वर्षी 'हेवी हॉर्सेस' घेऊन आला. दुसरीचं शीर्षकगीत नांगराला जुंपल्या जाणाऱ्या दांडग्या घोड्यांवर आहे. ट्रॅक्टर आले, घोडे निरुपयोगी झाले, त्यांच्या जाती संपत चालल्या. प्रोगची सगळी कारागिरी आहे, लय बदलते, व्हायोलिन येतं, नऊ मिनिटं गाणं चालतं. पण नजर त्या जनावरावर आहे. ज्यांनी गोठ्यातून शेवटची खिल्लार जोडी जाताना पाहिली आहे त्यांना भाषा कळली नाही तरी हे गाणं कळेल. आमच्या हॉस्टेलच्या भांडणात या एका रेकॉर्डवर तह व्हायचा.

तर ताई, 'लीज अँड लीफ'. एकेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. मोबाइलवर लावणार असाल तर ते गाणी उलटसुलट करणारं बटण आधी बंद करा, क्रमाने ऐका. स्वयंपाक करताना नको. पहिलं गाणं चालेल, दुसऱ्यापासून हातातलं राहून जाईल. मुलाला बरोबर बसवा. तो पहिल्यांदा म्हणेल की हे फारच साधं आहे. म्हणू दे. एक विनंती, त्याला अपघाताची गोष्ट आधी सांगू नका. रेकॉर्ड संपल्यावर सांगा आणि मग 'अनहाफब्रिकिंग'मधलं ते खलाशाचं गाणं लावा, त्या ड्रमसाठी.

हा लेख छापून आला की मी त्याची लिंक कॅनडाला पाठवणार आहे. माझ्या पार्टनरला मराठी येत नाही. पण मोबाइल आता भाषांतर करून देतो म्हणे, आणि त्याला हवं असलेलं वाक्य तो बरोबर शोधून काढेल. उत्तर काय येईल तेही मला माहीत आहे: टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स तुला कधीच आवडली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं.